काळजीवाहू सरकार गाडीखाली

तिचा नवरा तिला 'सरकार' म्हणायचा. पूर्ण पदवी 'काळजीवाहू सरकार', पण एवढं लांबलचक रोज कोण म्हणणार, म्हणून नुसतं सरकार. 'सरकार, चहाचं काही जमेल का?' 'सरकारची परवानगी असेल तर जरा बाहेर जाऊन येतो.' लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा विनोद त्याला शिळा वाटत नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिलाही नाही. पदवी तिनं कष्टानं मिळवलेली होती. कुलूप लावलं की ते ओढून बघायचं, चार पावलं गेलं की परत येऊन पुन्हा ओढायचं. घरातलं कोणी जरा उशिरा आलं की डोळ्यांपुढे थेट रुग्णवाहिका उभी. मांजरानं डबा पाडला तरी हिची पाचावर धारण. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. तिच्यापाठी तो सहकुटुंब लागलेला होता.

यात सगळा दोष काही तिचा नव्हता. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर कामाला होती. ऐन विशीत लागली ती तिथेच. तळमजल्यावरची बिनखिडकीची खोली, डोक्यावर घरघरणारा पंखा आणि कानाला अडकवलेलं यंत्र, एवढंच तिचं ऑफिस. शहरात जे जे म्हणून वाईट घडे ते आधी तिच्या कानातून जाई आणि मग ज्या त्या विभागाकडे पोचे. जिन्यावरून पडलेली माणसं, शॉक लागलेली माणसं, उकळतं पाणी, गच्ची, विहीर. फोन जोडून दिला की तिचं काम संपलं. पुढे काय झालं, माणूस वाचला की गेला, हे तिला क्वचितच कळायचं. असे कितीतरी अपघात तिच्या डोक्यात अर्धवट पडून होते, आणि अर्धवट राहिलेली गोष्ट मन नेहमी वाईटच पूर्ण करतं. एकदा एका बाईचा फोन आला होता. आवाज अगदी शांत. ती एवढंच म्हणाली, "जॅक सरकला." मग फोन बंद पडला. ती बाई कोण, कुठली, गाडीखाली कोण होतं, काही कळलं नाही. पण ते दोन शब्द हिच्या कानात राहिले ते राहिलेच.

नवरा याच्या अगदी उलटा. कारखान्यात लेथवर होता, आणि तिथे त्याला सगळे मायक्रॉन म्हणत. केसाची जाडीसुद्धा ज्या मापानं मोजतात त्या मापात तो लोखंड कापायचा. साहेबलोक कठीण काम आलं की म्हणत, हे मायक्रॉनकडे द्या. नोकरीची काही वर्षं शिल्लक असताना गेल्या साली त्यानं ती सोडली. पुरे झालं आता, घरी बसून सरकारची सेवा करतो, म्हणाला. तिनं खोदून विचारलं नाही.

विचारलं नाही, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे असं तिला वाटत होतं. आधी तिच्या लक्षात आला तो कप. बशीत ठेवताना तो किणकिणायला लागला होता. मग एक दिवस त्यानं बशी घेणंच सोडलं, आणि पुढे कप अर्धाच भरून मागायला लागला. उकडतं म्हणून शर्टाचं वरचं बटण लावेनासा झाला. थंडी पडली तरी लावेना. पेपर वाचताना उजवा हात मांडीखाली दाबून बसायचा. बघावं तर हात स्वस्थ पडलेला असताना अंगठा आपला आपण तर्जनीवर घासतोय, जणू चिमटीत काहीतरी बारीक आहे आणि ते तो मळतोय. तिनं सगळं टिपलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. बोर्डावर बसून ती एक गोष्ट शिकली होती, जोवर फोन जोडला जात नाही तोवर बातमी ही बातमी नसते. त्या हॉस्पिटलमधला मज्जासंस्थेच्या डॉक्टरांचा नंबर तिला तोंडपाठ होता. रोज कितीकांना ती तो जोडून द्यायची. स्वतःसाठी मात्र बोट त्या बटणापर्यंत जायचं आणि परत यायचं.

अशात उन्हाळ्यात गाडीच्या एसीनं दगा दिला.

तिच्या धाकट्या बहिणीकडून दोघं परत येत होते. दुपारची वेळ, रस्ता तापून चकाकत होता. अचानक बॉनेटखालून असा आवाज आला की कुणीतरी दातांनी पत्रा चावतंय. पाठोपाठ जळक्या रबराचा वास. तिनं दाराची कडी आधीच हातात धरलेली होती. गाडी पेटली तर उडी कुठल्या बाजूला मारायची, हे ती गाडीत बसल्याबसल्याच ठरवून ठेवत असे. त्यानं मात्र शांतपणे एसीचं बटण बंद केलं. आवाज थांबला. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि निदान केलं, कॉम्प्रेसर जाम झालाय. एसी लावला की पट्टा त्याला फिरवायला बघतो, तो फिरत नाही, म्हणून पट्टा जळतोय. काचा उघड्या टाकून, ओल्या रुमालानं तोंड पुसत दोघं घरी आले. आणि जिना चढताना तो म्हणाला की कॉम्प्रेसर मी घरीच बदलणार.

तिनं हरतऱ्हेनं सांगून पाहिलं. गॅरेजवाले आहेत, त्यांचं ते रोजचं काम आहे, नाहीतर राहू दे तो एसी, आपण काय राजेरजवाडे आहोत, काचा उघड्या ठेवू. तो ऐकून घेत होता आणि हसत होता. पण त्या हसण्यात नेहमीचा मोकळेपणा नव्हता. शेवटी म्हणाला, "एवढं एक मला करू दे." त्यानं 'सरकार' म्हटलं नाही, हे तिच्या लगेच ध्यानात आलं, आणि तिनं वाद सोडला.

कोपऱ्यावर फ्रिज आणि गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या एकाचं दुकान होतं. सगळे त्याला गॅसवाला म्हणत. जुना गॅस यंत्रानं काढून घेतल्याशिवाय नळ्यांना हात लावायचा नाही, हा त्या कामाचा पहिला नियम, म्हणून गाडी आधी त्याच्याकडे नेली. ती सोबत गेलीच. गॅसवाल्यानं यंत्र जोडलं, काटा खाली येऊन स्थिरावला, आणि यंत्राच्या नळ्या सोडता सोडता तो म्हणाला, "काका, मीच बसवून देतो की. घरी कशाला उपद्व्याप?" काकांनी नकारार्थी मान हलवली. मग गॅसवाल्यानं नवा कॉम्प्रेसर, नवा पट्टा आणि रबरी रिंगांची पुडी दिली आणि बजावलं की नळ्या खोलताना डोळ्यांवर चष्मा हवाच. गॅस काढला तरी कुठेतरी थोडा अडकून राहतो, सुटला तर कातडी गोठवतो, आणि डोळ्यांत गेला तर विचारू नका. काकांनी हे या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. काकूंनी ते दोन्ही कानांनी ऐकून पोटात साठवून ठेवलं.

नवा कॉम्प्रेसर खोक्यातून काढून त्यानं जेवणाच्या टेबलावर ठेवला. भोपळ्याएवढा, चकचकीत, आणि हाताला भलताच जड. तो आठवडाभर तिथेच होता. जेवताना दोघांच्या मधोमध तो बसलेला असायचा, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. ती मात्र कामावर जाता-येता गुपचूप तयारी करत होती. सुताराकडून तिनं लाकडाचे जाडजूड ठोकळे कापून आणले. गाडीखाली घोड्या लावतात, लोखंडी तिपाया, त्या मजबूत असतात हे नवऱ्यानं तिला पटवून दिलं होतं. तिला ते पटलंही होतं. तरी ठोकळे आणले. चष्मे दोन आणले. हातमोजे, पाण्याची बादली, प्रथमोपचाराची पेटी. मन चिंती ते वैरी न चिंती, हे तिची आई म्हणायची. तिला वाटायचं, वैऱ्याला निदान अधूनमधून सुट्टी तरी असेल.

रविवारी सकाळी कामाला सुरुवात झाली. घरामागे पत्र्याची शेड होती, खाली सिमेंटची जमीन. गाडी पुढून जॅकवर चढली, घोड्या लागल्या, मागच्या चाकांना विटा लागल्या, पुढचं एक चाक निघालं. तिनं ठोकळे आणून पुढच्या बाजूला, दोन्हीकडे, एकावर एक रचले. काढलेलं चाकसुद्धा ढकलत नेऊन गाडीखाली आडवं सारलं. तो म्हणाला, गाडी दुरुस्त करतोय की किल्ला बांधतोय. ती म्हणाली, किल्लाच समजा. त्यानं बॅटरीची तार सोडली, पट्टा ओढून धरणारी पुली पान्यानं मागे रेटली आणि पट्टा काढला. कॉम्प्रेसरला जाणाऱ्या वायरीची चिमटी सोडवताना मात्र वेळ लागला. एवढीशी ती प्लॅस्टिकची जीभ; तिच्यावर नख टेकवायचं आणि ओढायचं. त्याचं नख टेकेना. तो पाठ फिरवून, अंगाच्या आडोशानं ते करत होता. ती मुद्दाम बादलीकडे बघत राहिली.

नळ्यांची वेळ आली तेव्हा तिनं त्याला चष्मा घालायलाच लावला. त्यानं बोल्ट सैल केला आणि नळीतून फुस्स असा आवाज आला. तिनं त्याची कॉलर धरून त्याला असं मागे खेचलं की दोघं भिंतीवर आपटले. फुसफुस क्षणात विरली. उरलासुरला गॅस होता, बोटभर थंड धूर दिसला आणि संपला. तो हसायला लागला. तिला हसू आलं नाही. तिच्या मांड्या थरथरत होत्या. पण त्या गडबडीत तिनं त्याचा उजवा हात पाहिला. तो तिच्या मांड्यांपेक्षा जास्त थरथरत होता, आणि हे गॅसच्या भीतीनं नव्हतं.

आता उरलं होतं ते खालचं काम. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पोटाशी बसवलेला होता. त्याचे लांब बोल्ट गाडीखाली आडवं पडूनच निघणार होते. तो पुठ्ठ्यावर पाठ टेकून आत सरकला आणि बाहेर त्याचे फक्त पाय राहिले. तपकिरी बूट, एकाची नाडी सुटलेली. ती खाली बसली आणि त्या बुटांकडे बघत राहिली. आतून पान्याचा आवाज येत होता. किर्र, किर्र, थांबायचा, पुन्हा किर्र. एकेक बोल्ट घरंगळत बाहेर येत होता आणि ती तो उचलून वाटीत टाकत होती. शेवटचा राहिला तेव्हा तिनं सांगितलं, मी खालून हात लावते, तो जड आहे. आतून उत्तर आलं, जमेल मला.

मग काहीतरी घसरलं. लोखंड लोखंडावर आपटलं, पाठोपाठ मऊ कशावर तरी, आणि मग सिमेंटवर.

बूट हलले नाहीत.

तिनं हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. गाडी जागच्या जागी होती, घोड्या उभ्या होत्या, हे तिच्या डोळ्यांना दिसत होतं. पण कानात त्या बाईचा शांत आवाज बोलत होता. आयुष्यभर ती ज्या क्षणाला घाबरत आली होती तो हाच, असं तिला वाटलं, आणि असंही वाटलं की आता मी उठून फोन करायला गेले तर तेवढ्यात याचं काहीतरी होईल, आणि नाही गेले तरी होईल. ती गेली नाही. ती पोटावर आडवी झाली आणि जिथे जन्मात कधी जाणार नाही असं तिनं ठरवलेलं होतं तिथे, त्या टनभर लोखंडाखाली, कोपरांवर सरपटत आत गेली.

आत तेलाचा आणि मातीचा वास होता. तो उताणा पडला होता, डोळे उघडे. जुना कॉम्प्रेसर त्याच्या खांद्यावरून घरंगळून बाजूला पडला होता. थोडा इकडे पडता तर तोंडावर पडला असता. शर्ट फाटला होता, गळ्याखालचं हाड लाल झालं होतं. रक्त नव्हतं. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती वरखाली होत होती. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्यानं उजवा हात डोळ्यांसमोर धरला होता आणि तो कसा हलतोय ते बघत होता, दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसा.

"ऐकत नाही गं हा," तो म्हणाला.

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"तुम्ही बशी सोडलीत तेव्हापासून."

त्यानं तो हात छातीवर टेकवला. मग त्यानं सांगितलं. कारखान्यात त्याच्या हातून लेथवरचा एक जॉब बिघडला, मग दुसरा. साहेब भला माणूस. त्यानं स्टोअरमध्ये बसायचं सुचवलं, नट मोजायला. मायक्रॉननं त्याच आठवड्यात राजीनामा दिला. घरी सांगितलं नाही, कारण तू आधीच एवढी घाबरतेस, त्यात ही भर कशाला. आणि स्वतः डॉक्टरकडे गेला नाही, कारण ते काय म्हणतील याचा त्याला अंदाज होता. असेच हात हलणाऱ्या त्याच्या मामाचं शेवटी काय झालं होतं ते त्यानं लहानपणी पाहिलं होतं. ती ऐकत होती. तिला नवल एका गोष्टीचं वाटलं. घरात घाबरणारं माणूस एकच आहे, असं ती आजवर धरून चालली होती.

तिनं त्याला काखेत धरून बाहेर ओढलं. खांदा हलवून पाहिला, हात वर करायला लावला, हाड शाबूत होतं. गार पाण्याची पट्टी ठेवली. तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला की गॅसवाल्याला फोन कर, गाडी ओढून ने म्हणावं. पाना त्यानं पेटीत ठेवून दिला. नुसता ठेवला नाही, फडक्यात गुंडाळून ठेवला. माणूस कामापुरता पाना ठेवतो तो असा ठेवत नाही.

तिच्या मनात त्या वेळी दोन भीती समोरासमोर आल्या. एक गाडीखाली जायची. दुसरी, हा माणूस उद्यापासून खुर्चीत बसेल, हात मांडीखाली दाबून, आणि मग उठणारच नाही, ही. दुसरी मोठी निघाली. तिनं फडकं सोडलं, पाना हातात घेतला आणि विचारलं, "आधी काय करायचं?"

त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. मग तिनं चष्मा डोळ्यांवर चढवलेला त्यानं पाहिला.

आधी करायचं होतं ते तेल. जुन्या कॉम्प्रेसरमधलं तेल मापात ओतून बघायचं आणि त्यावरून नव्यात किती ठेवायचं ते ठरवायचं. जास्त झालं तरी वाईट, कमी झालं तर हाही जाम होणार. ते काळंकुट्ट निघालं, त्यात चांदीसारखी चमक. लोखंड झिजलंय, तो म्हणाला. नव्याच्या तोंडाशी तेल ओतताना बाटली त्यानं धरली आणि त्याचं मनगट तिनं. एक थेंब बाहेर गेला नाही. मग नव्या कॉम्प्रेसरचं चाक हातानं फिरवायचं, तेल सगळीकडे पोचायला. हे त्यानं केलं.

आणि मग ती गाडीखाली गेली, स्वतःच्या पायांनी, म्हणजे पाठीवर. तो पलीकडून, काढलेल्या चाकाच्या जागेतून, आत डोकं घालून बसला. कॉम्प्रेसर तिनं छातीवर घेतला. श्वास घेतला की तो वर यायचा, सोडला की रुतायचा. नाकासमोर इंजिनाचं काळं पोट. ती डोळे मिटून घ्यायला लागली तसा तो म्हणाला, मिटू नकोस, मिटलेस की गाडी जास्त जड वाटेल. त्यानं डावा हात आत घालून कॉम्प्रेसरला आधार दिला, तिनं दोन्ही हातांनी वर रेटला आणि पहिला बोल्ट भोकाशी नेला. तो जाईना. वाकडा लागत होता. तिला घाम फुटला, चष्म्यात उतरला.

"जोर नको," तो म्हणाला. त्याचा आवाज बदललेला होता. हा कारखान्यातला आवाज असावा, तिनं कधी न ऐकलेला. "आधी उलटा फिरव. अगदी हळू. कुठेतरी टक् होईल. ते आटे भेटल्याचं लक्षण. मग सुलटा."

तिनं उलटा फिरवला. बोटांना ते जाणवलं, आवाजाच्याही आधी. टक्. मग बोल्ट असा आत गेला की लोण्यात सुरी. दुसराही गेला. तिसऱ्याच्या वेळी बाहेरच्या रस्त्यावरून एक अवजड ट्रक गेला. जमीन हलली. तिच्या डोक्याजवळ कर्र असा आवाज झाला आणि गाडी किंचित, अगदी किंचित बसली. हात वर अडकलेले, छातीवर वजन, आणि कानात तेच दोन शब्द. तिला खात्री झाली की आपण आता मरणार, आणि घराचं कुलूप लावलेलं नाही.

तो हलला नाही. डोकं त्यानं बाहेर काढलं नाही, हे तिला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं. तो तसाच, मान आत घालून, वर घोडीकडे बघत म्हणाला, "घोडी जमिनीत जरा रुतली. तिथलं सिमेंट पोकळ असणार. गाडी तुझ्या ठोकळ्यावर टेकलीय. आता देवानं ढकलली तरी खाली येत नाही." मग, थोडं थांबून, "बाहेर ये, मी घोडी नीट लावतो."

ती बाहेर आली. पाणी प्यायली, शेडच्या दारापर्यंत गेली, घराला कुलूप लावून आली. त्यानं तोवर गाडी पुन्हा उचलून, घोडीखाली जाड पत्रा सरकवून ती पक्की केली होती. आता सोडून देऊ या, तो म्हणाला. ती परत आत गेली. तिचे दात वाजत होते. तरी बाकीचे बोल्ट तिनंच लावले, आणि शेवटचा पीळ मात्र त्यानं दिला. लांब दांड्याचा पाना असला की त्याचा हात स्थिर राहायचा, जोरात धरलं की कंप थांबायचा. रबरी रिंगा तिनं तेलात बुडवून नळ्यांच्या तोंडाशी बसवल्या. नवा पट्टा चढला. चाक लागलं. गाडी जमिनीवर आली तेव्हा दोघांचीही तोंडं इतकी काळी झाली होती की शेजारच्या आजी कुंपणावरून बघून आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गॅसवाला पंप घेऊन घरी आला. त्यानं आधी नळ्यांतली सगळी हवा ओढून काढली आणि काटा लावून वाट बघत बसला. कुठे बारीकशी फट राहिली असेल तर काटा हलणार. ती काट्याकडे बघत उभी होती, परीक्षेचा निकाल असावा तशी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. काटा हलला नाही. गॅस भरला, इंजिन सुरू झालं, आणि जाळीतून आधी कोमट, मग गार हवा आली. गॅसवाल्यानं वाकून बोल्ट पाहिले, नळ्या पाहिल्या आणि काकांना म्हणाला की हात अजून शाबूत आहेत तुमचे. काकांनी त्याला लगेच दुरुस्त केलं. हात हिचे, म्हणाले, माझं फक्त तोंड. गॅसवाला हसला, त्याला वाटलं हा विनोद आहे.

त्याच आठवड्यात ती कामावर गेली, यंत्र कानाला लावलं आणि इतकी वर्षं इतरांसाठी दाबलेलं बटण स्वतःसाठी दाबलं. पलीकडून नेहमीच्या नर्सनं विचारलं, "कोणासाठी, ताई?" "आमच्यासाठी," ती म्हणाली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी त्याला चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, आणि कागदावर आतून बाहेर मोठं होत जाणारं वेटोळं काढायला सांगितलं. मायक्रॉननं पेन धरलं. रेघ सुरुवातीला बरी गेली, मग दातेरी झाली, आणि वेटोळं बाहेर जायच्या ऐवजी आतल्या आतच आक्रसत गेलं. त्यानं कागद उलटा करून ठेवला. डॉक्टर म्हणाले, कंपवात. दोघांनाही शब्द माहीत होता. त्यानं विचारलं, वाढेल का. डॉक्टरांनी आढेवेढे घेतले नाहीत. वाढेल, म्हणाले, पण हळूहळू, आणि गोळ्यांनी बराच काळ आटोक्यात ठेवता येईल. हात चालू ठेवा, बसून राहू नका.

बाहेर येऊन दोघं गाडीत बसली. ऊन मी म्हणत होतं. त्यानं एसी लावला, पण गाडी काढली नाही. समोरून माणसं जात होती, कुणी पायाला प्लास्टर लावलेलं, कुणी हातात औषधांची पिशवी. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला की मला भीती वाटतेय. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकलं. तिला धीराचं काहीतरी बोलायला हवं होतं, पण खोटं बोलवेना.

"वाटणारच," ती म्हणाली. "सकाळी उठल्याउठल्या जास्त वाटते. कामाला लागलं की थोडी कमी होते. जात नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला, नवीन कामगारानं जुन्या कामगाराकडे बघावं तसा. मग त्यानं गाडी काढली.

गोळ्यांनी हात बराच सुधारला. शर्टाचं वरचं बटण काही दिवस तो स्वतः लावतो, काही दिवस ती लावते, आणि त्यावरून कुणी काही बोलत नाही. बारीक काम निघालं की तो शेजारी स्टूल घेऊन बसतो आणि सांगतो, ती करते. परवा मिक्सर खोलला होता, दोन स्क्रू उरले, त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. गाडी तो अजून चालवतो, डॉक्टरांनी सध्या तरी हरकत घेतलेली नाही. ती शेजारी बसते, सीटचा पट्टा दोनदा ओढून बघते, आणि प्रत्येक वळणावर पायाखाली नसलेला ब्रेक कचकचून दाबते.